डावीकडचा ब्रेक

त्रिवेणी उदगीरकर यांनी बरकतपुऱ्यात सत्तावीस वर्षं बायकांना गाडी शिकवली, आणि ती सत्तावीस वर्षं त्या डावीकडच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारी घाबरली, ऑटो आडवी आली, म्हैस रस्त्यात निवांत उभी राहिली, की शिकवणाऱ्यानं आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा आणि तोंडानं मात्र "काही झालं नाही, चला" म्हणायचं. हे काम त्रिवेणीबाईंनी इतकं केलं की घरी सोफ्यावर बसलेल्या असताना टीव्हीवर कुणी धावत रस्ता ओलांडू लागलं तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. दिगंबरराव, म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त गणित शिक्षक, त्या पायाकडे बघून म्हणायचे, "थांबली गं गाडी, थांबली."

त्यांच्या शिकवण्याची एक पद्धत होती आणि ती काचीगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंत सगळ्या बायकांना ठाऊक होती. क्लच कसा सोडायचा हे त्या सासूच्या उदाहरणानं सांगायच्या. "सासूशी एकदम खरं बोललीस की काय होतं? झटका बसतो आणि सगळं बंद पडतं. अंदाज घेत घेत सोड." हे ऐकून हसली नाही अशी बाई कधी आली नाही, आणि क्लच न शिकता परत गेली अशीही फारशी नाही.

पण खरी मजा शेवटच्या दिवशी. बाई तयार झाली असं वाटलं की त्रिवेणीबाई चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि डावीकडच्या सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. हात मांडीत. "आता माझा पाय ब्रेकवर नाही. तारायचं तर तार, मारायचं तर मार. नारायणगुड्याच्या पुलावरून जा आणि मला परत आण." लायसन सरकार द्यायचं, पण बायकांच्या लेखी पास झाल्याची खूण म्हणजे ही मांडी. भाजी घेताना एकमेकींना विचारायच्या, "मॅडमनी तुझ्यासाठी मांडी घातली का?" कुणासाठी ती पंधराव्या दिवशी पडायची, कुणासाठी साठ दिवस गेले तरी मॅडमचे पाय खालीच. फुकटची मांडी त्यांनी कुणाला घातली नाही.

गेल्या संक्रांतीनंतर त्यांनी स्कूल बंद केलं. नव्या सुना बिनक्लचच्या गाड्या घेऊन यायला लागल्या होत्या, आणि नुसतं पुढं-मागं करायला मॅडम कशाला लागते? शटरचा गाळा इडली-डोशाच्या एका टिफिन सेंटरवाल्याला विकला. शेवटची गाडी देऊन टाकण्याआधी गाडी बदलली तरी तेच पुढं बसवत आणलेले डावीकडचे दोन्ही पेडल तेवढे मेकॅनिककडून सोडवून घेतले आणि कपाटात चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवले. वय एकसष्ट. सगळ्यांनी गृहीत धरलं की बाई आता भजनी मंडळात जाणार.

एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना बाई म्हणाल्या, "मी स्पोर्ट्‌स कार घेणार आहे."

दिगंबररावांचा हात वरणात थांबला. मुलगा सारंग, गच्चीबावलीला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी आईच्या हातचं जेवायला येतो. तो हसला, आणि आई हसत नाही हे बघून थांबला.

ही इच्छा काही एका रात्रीत उगवलेली नव्हती. डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणून दातांच्या एक डॉक्टर आहेत, हिमायतनगरच्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्रिवेणीबाईंकडे शिकल्या, पंचेचाळीस दिवस घेतले, रडल्या, भांडल्या आणि मांडी मिळवून गेल्या. पुढं दवाखाना चालला तशी त्यांनी एक जर्मन गाडी घेतली: लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, छप्पर मागं मिटणारी. गाडीचं नाव इथं घेत नाही, कंपनीवाल्यांची फुकटात जाहिरात कशाला करायची! गाडी घेतल्या घेतल्या डॉक्टरीणबाई आपल्या मॅडमला दाखवायला आल्या आणि तळ्याकाठच्या टँकबंडवरून एक चक्कर मारून आणली. मॅडम बसल्या कुठं? डावीकडे. वारा तोंडावर येत होता, गिअर बदलताना इंजिनाचा सूर उतरत-चढत होता, आणि बाईंच्या ध्यानात आलं, की आपण हजारभर बायकांना चालवायला शिकवलं आणि आपण स्वतः कधी मनसोक्त चालवलंच नाही. ताशी वीसच्या वर त्यांची गाडी कधी गेली नव्हती, आणि गेली असेल तेव्हा ब्रेक त्यांनीच दाबला होता.

आता डॉक्टरीणबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. क्लच दाबवत नाही म्हणून त्यांना लाल गाडी विकायची होती, आणि पहिला फोन त्यांनी मॅडमना केला होता.

सारंगनं फोनवर पाच मिनिटं काहीतरी बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. "आई, घे. खरंच घे. पण ती जुनी नक्को. सतरा वर्षांची आहे ती! हिचीच नवी पिढी आलीय. ज्युबिली हिल्सला एका शोरूममध्ये तीन वर्षं वापरलेली उभी आहे, निळी. ऑटोमॅटिक. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की स्वतः सांभाळते, समोर कुणी आलं तर स्वतः ब्रेक मारते. उरलेले पैसे मी घालतो, नाव माझ्यावर ठेवू म्हणजे कागदांची परेशानी तुला नको. आणि कुठं जायचं म्हणालीस की मी आहेच, नेईन तुला."

पोराचं मन साफ होतं, हे सांगायलाच हवं. पण "नेईन तुला" हे दोन शब्द त्रिवेणीबाईंच्या कानात अडकले. दोनच सीटची गाडी. सारंग नेणार म्हणजे बाई कुठल्या सीटवर बसणार हे दिगंबररावांना न विचारताही काढता येणारं गणित होतं.

आता घरातल्या चौथ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. प्रतापराव, दिगंबररावांचे थोरले बंधू, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वरच्या मजल्यावर एकटे राहतात, दिवाणी कोर्टात वकिली केलेली. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं थेट बोलायचं नाही अशी जुनी रीत होती. बाकीच्या घरांतून ती केव्हाच गेली; प्रतापरावांनी ती सोयीची म्हणून जपून ठेवली. बाई समोर उभ्या असल्या तरी ते म्हणणार, "दिगू, तिला सांग."

त्यांनी जपलेली दुसरी रीत गाडीची. उदगीरकरांच्या घरी गाडी आली की पहिली फेरी घरातल्या थोरल्या पुरुषानं मारायची: गेटमधून चौकातल्या हनुमानापर्यंत आणि परत. बाईनं मागच्या सीटवर नारळ धरून बसायचं. अठ्ठ्याण्णव साली त्रिवेणीबाईंनी स्वतःच्या स्कूलसाठी, स्वतःच्या नावावर पांढरी गाडी आणली, तिचीही पहिली फेरी प्रतापरावांनीच मारली. आणि मारली म्हणजे गेटच्या दगडी खांबावरच मारली. डाव्या बाजूला पुढून मागपर्यंत लांबलचक ओरखडा. खाली उतरून म्हणाले, "दिगू, तिला सांग, मागं नारळ हलवत बसायचं नसतं."

त्रिवेणीबाईंनी तो ओरखडा रंगवला नाही. गाडी होती तोवर, म्हणजे नऊ वर्षं, शिकायला आलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी त्या ओरखड्यावरून बोट फिरवायला लावलं. "गेटमधून निघताना डावा आरसा बघितला नाही की असं होतं." कुणी केलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, बरकतपुरा असा केवढा!

स्पोर्ट्‌स कारची बातमी वर पोचायला एक संध्याकाळ लागली. प्रतापराव काठी टेकत खाली आले. "दिगू, तिला सांग, या वयात शोभत नाही. आणि घ्यायचीच असेल तर सारंग म्हणतो ती घ्यावी. पोराच्या हातात राहील." दिगंबररावांनी बायकोकडे बघितलं. बायकोला ऐकू आलं होतंच.

पुढच्या शनिवारी मायलेक ज्युबिली हिल्सला गेले. निळी गाडी काचेमागं उभी, धुतलेली, पुसलेली, नाकीडोळी नीटस. सेल्समननं किल्ली पुढं केली. त्रिवेणीबाई ऐटीत चालत गेल्या, दार उघडलं, बसल्या, पट्टा लावला आणि समोर बघितलं तर स्टिअरिंगच नाही. सवयीनं डावीकडे जाऊन बसल्या होत्या.

"मॅडम, ड्राइव आप करते, या सर करते?" सेल्समननं अदबीनं विचारलं.

"मी चालवू का, आई?" सारंगनं हात पुढं केला, किल्लीसाठी.

बाईंना स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली. पट्टा काढला, उतरल्या, गाडीच्या नाकापुढून फिरून उजवीकडे आल्या. "मी चालवते. तू मागच्या गाडीनं ये."

रस्त्याला लागल्या. गाडी गुळगुळीत पळत होती, त्यात खोट काढायला जागा नाही. सिग्नलला वेग कमी झाला आणि बाईंचा डावा पाय आपल्या मर्जीनं क्लच शोधायला गेला. क्लच होता कुठं? तिथं होता ब्रेक, चांगला रुंद. पाय त्याच्यावर सबंध ताकदीनं पडला आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली की शेजारी बसलेल्या सेल्समनचा चष्मा त्याच्या मांडीत आला. मागून चार हॉर्न वाजले. जन्मभर क्लचवर राहिलेला पाय, त्याला बापड्याला कोण सांगणार!

हे त्यांनी हसून घालवलं असतं. पण पुढं एक ऑटो अचानक थांबली, त्रिवेणीबाईंनी सफाईनं उजवीकडे घेतलं, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात परत डावीकडे वळायला बघू लागलं. जोर फार नव्हता. कुणीतरी वरून हात ठेवून, समजुतीनं, जरा इकडे घ्या म्हणावं तेवढाच. बाई दचकल्या. तो हात त्यांनी ओळखला. तो त्यांचाच हात होता. घाबरलेल्या शिकाऊ बायकांच्या स्टिअरिंगवर सत्तावीस वर्षं त्यांनी अगदी असाच हात ठेवला होता, अगदी एवढाच जोर देऊन.

"ये बंद होता क्या?" त्यांनी विचारलं.

"होता मॅडम. लेकिन गाडी बंद करके चालू किए तो फिर से ऑन हो जाता. हर बार."

"हर बार?"

"हौ मॅडम. सेफ्टी के वास्ते."

म्हणजे रोज सकाळी पहिला दिवस. त्रिवेणीबाईंच्या मनात आलं, मी ढ पोरीसाठीसुद्धा कधी ना कधी पाय वर घेतले. ही बया कुणासाठीच मांडी घालणार नाही. ज्याला हवी त्यानं खुशाल घ्यावी, शिकणाऱ्याला चांगलीच आहे. पण आपण आता कुणाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून बसायचं नाही. शोरूमला परत आल्यावर त्यांनी किल्ली सेल्समनच्या हातात आठवणीनं दिली, सारंगच्या नाही.

सोमवारी एकट्याच हिमायतनगरला गेल्या. डॉक्टर भाग्यलक्ष्मींच्या इमारतीखाली तळघरात लाल गाडी झाकून ठेवलेली. वर यायला अरुंद, उभा चढ. डॉक्टरीणबाई वॉकर बाजूला ठेवून, हुश्श हुश्श करत डावीकडच्या सीटवर उतरल्या. गाडी इतकी बुटकी की बसण्यापेक्षा उतरणंच म्हणायचं. "मॅडम, आज मैं टीचर. चढान पे रोकना, फिर उठाना. पीछे नहीं जाना, एक इंच भी नहीं."

त्रिवेणीबाईंनी क्लचवर पाय ठेवला. जड होता, जुन्या दाराच्या कडीसारखा. डाव्या पायाला मात्र माहेरी आल्यासारखं झालं. चढाच्या मधोमध थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी धाडकन झटका देऊन बंद पडली.

डॉक्टरीणबाई खिदळल्या. "क्या मॅडम, सास को एकदम सच बोल दिए?"

त्रिवेणीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी अंदाज घेत घेत सोडला. गाडी मागं इंचभर सरकली नाही. चढ चढून उन्हात आली. वर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्या दोषांचा पाढा वाचला: छप्पर मिटताना शेवटी हातानं ढकलावं लागतं, एसी आपल्या मर्जीनं चालतो, सुटे भाग यायला दोन-दोन महिने लागतात, खड्डा आला की पाठीला कळतो. "झूट बोलके नहीं देती आपको."

टँकबंडला लागल्यावर छप्पर उघडलं. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळत होता, डांबर कुठं बदललं, खडी कुठं आली, सगळं. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात. त्या सुराची वाट त्रिवेणीबाईंनी सतरा वर्षं बघितली होती. इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि मग वाटलं, लाज कसली?

बाजूला बघितलं तर डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून, डोळे मिटून बसलेल्या.

"मांडी नहीं डाल सकती मॅडम, घुटने नए हैं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "इसलिए हाथ बाँध लिए. आप पास."

लाल गाडी घेणार हे त्या रात्री त्यांनी सारंगला फोनवर सांगितलं, पण तेवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं; तो दुसऱ्या दिवशी ऑफिस सोडून आला. आधी त्यानं वाद घातला. सतरा वर्षांच्या गाडीत हे नाही, ते नाही. तुझे डोळे, तुझं बीपी. या शहरातला ट्रॅफिक. बाई कोथिंबीर निवडत ऐकत राहिल्या. शेवटी तो खुर्चीत बसला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आई, मला भीती वाटते. बस. तू त्या गाडीत एकटी, आणि तुला थांबवायला काहीच नाही. तुला माहीत आहे भीती काय असते. सगळ्या गावासाठी मांडी घातलीस. माझ्यासाठी घातली होतीस का कधी?"

कोथिंबिरीवरचा हात थांबला. खरं होतं ते. अठराव्या वर्षी सारंगला त्यांनीच शिकवलं होतं. उत्तम चालवायचा. चाळीस दिवस झाले, पन्नास झाले, आणि बाईंचा पाय काही ब्रेकवरून उठला नाही. शेवटी परीक्षेला त्याला दुसऱ्याच स्कूलच्या गाडीतून पाठवलं. यावर घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"नाही घातली," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. आईचा पाय निघाला नाही. म्हणून तुझाही निघणार नाही हे मला कळतंय, आणि मी तुला घाबरू नकोस असं म्हणणार नाही. घाबर. पण गाडी माझी, आणि सीट माझी."

"पण का? नवी गाडी काय वाईट आहे?"

"काहीच वाईट नाही. फार चांगली आहे. माझ्यासारखीच आहे." त्यांनी काड्या गोळा करून ताटलीत टाकल्या. "सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका माझ्या पायानं थांबवल्या रे. आता माझ्या चुका मला माझ्या पायानं थांबवायच्यात. तुझे पैसे नको, तुझं नाव नको. लाल गाडी मला परवडते आणि मला झेपते."

सारंगनं ताटलीतली एक काडी उचलून मोडली. "तिचे टायर तरी मी बदलून देऊ का?" त्यानं विचारलं.

"हौ. टायर दे," बाई म्हणाल्या.

लाल गाडी खंडेनवमीच्या सकाळी घरी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. दरवर्षी त्रिवेणीबाई स्कूलच्या गाडीत वाकून डावीकडच्या क्लच-ब्रेकला हळदकुंकू लावायच्या. या वर्षी ते दोन पेडल कपाटातून काढून, चिंचेनं घासून पाटावर मांडले, शेजारी दिगंबररावांची कंपासपेटी. प्रतापराव खाली आले, पाटाकडे बघितलं. "दिगू, तिला विचार, देवासमोर हे भंगार कशाला?" त्रिवेणीबाईंनी पेडलवर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. सत्तावीस वर्षांत त्या ब्रेकनं एकही माणूस मरू दिला नव्हता. भंगार म्हणणाऱ्याला काय माहीत.

मग सगळे अंगणात आले. नव्या टायरखाली लिंबं ठेवली, बोनेटवर स्वस्तिक काढलं. छप्पर उघडलेलं, शेवटी हातानं ढकलून. समोरच्या गॅलरीत दोन बायका, शेजारच्या गच्चीवर तिघी, टिफिन सेंटरच्या पायरीवर आणखी काही; जवळजवळ सगळ्या जुन्या विद्यार्थिनी. बातमी काही लपलेली नव्हती.

प्रतापराव धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात पुढं झाले आणि कुणाकडे न बघता हात पसरला. "दिगू, तिला सांग, किल्ली दे म्हणावं. मुहूर्त जाईल."

दिगंबरराव रांगोळीकडे बघत उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी हे टपालाचं काम बिनतक्रार केलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "दादा, ती इथंच उभी आहे."

प्रतापरावांचा हात तसाच पसरलेला. त्रिवेणीबाई दोन पावलं पुढं आल्या आणि त्या हातावर त्यांनी नारळ ठेवला.

"रीत मोडायची नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पहिल्या फेरीला थोरला पुरुष गाडीत हवा, तुम्ही आहात. सीट दोनच आहेत. तुम्ही नारळ धरा."

गॅलरीतून कुणीतरी हसू दाबलं. प्रतापरावांनी सारंगकडे बघितलं. सारंगनं पुढं होऊन डावीकडचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. "काका, सांभाळून. खाली आहे सीट." आता परत फिरावं तर रीत आपणच मोडली असं होणार, आणि तेही अख्ख्या बरकतपुऱ्यादेखत. म्हातारा वकील होता. केस कुठं हरली ते त्याला बरोबर कळलं. काठी दिगूकडे दिली, नारळ छातीशी धरला आणि एकेक पाय आत घेत सीटवर उतरले.

त्रिवेणीबाई गाडीच्या नाकापुढून फिरून उजवीकडे आल्या. या वेळी चुकल्या नाहीत. क्लच दाबला, गिअर टाकला, डावा आरसा बघितला आणि अंदाज घेत घेत सोडला. लिंबं फुटली. गेटचा दगडी खांब प्रतापरावांच्या कोपरापासून चार बोटांवरून मागं गेला. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, ते खांब गेल्यावर उघडले.

रस्ता सुटीचा, मोकळा. हनुमानाचा चौक जवळच, पण तिथवर सरळ पट्टा होता, आणि बाईंनी तो सतरा वर्षं डोळ्यांनी मोजलेला होता. पहिला, दुसरा. इंजिनाचा सूर चढला. गच्चीवरून कुणीतरी "मॅऽऽडम!" म्हणून ओरडलं. वाऱ्यानं प्रतापरावांची टोपी उचलली, ती त्यांनी एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं नारळ.

"हळू," ते म्हणाले. समोर दिगू नव्हता. कुणीच नव्हतं. "हळू, त्रिवेणी!"

चाळीस वर्षांत भाऊजींच्या तोंडून आपलं नाव आपल्याकडे तोंड करून आलेलं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी ओझरतं डावीकडे बघितलं. कोट, टोपी, नारळ, आणि खाली उजवा पाय, वहाणेसकट गाडीच्या गालिच्यावर गच्च दाबलेला. तो पाय त्यांना चांगला ओळखीचा होता.

"तिथं ब्रेक नसतो, भाऊजी," असं म्हणून त्रिवेणीबाईंनी तिसरा गिअर टाकला. "मांडी घाला."